पौर्णिमेला भूकंप होतो, हे किती खरे?

‘भूकंप पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच होतात, मग शास्त्रज्ञ तारखा आधीच का जाहीर करत नाहीत?’ कुठेही मोठा धक्का बसला की हा प्रश्न नव्याने फिरू लागतो. महाराष्ट्रात त्याला किल्लारीचा दाखला दिला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना भूकंप झाला आणि दिवस पौर्णिमेचा होता. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आणणारा सुमात्राचा भूकंपही पौर्णिमेचाच. तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप पौर्णिमेनंतर काही तासांनी झाला. भूजचा, २६ जानेवारी २००१ चा, मौनी अमावस्येनंतर दोन दिवसांनी. चार नावे जुळली की सिद्धान्त तयार!

आता न जुळणारी नावे पाहू. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तेव्हा शुद्ध नवमी-दशमी होती. काश्मीर २००५, जपान २०११ आणि नेपाळ २०१५ हे तिन्ही महाभूकंप शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यानचे. अष्टमीच्या सुमारास समुद्राला उधाण नसते, भांग असते. म्हणजे चंद्र-सूर्याची एकत्रित ओढ सर्वांत कमी असते. हे भूकंप संदेशांतून फिरत नाहीत, कारण ते सोयीचे नाहीत.

शिवाय साधा हिशोब करा. पौर्णिमा आणि अमावस्या, दोन्हींच्या मागेपुढे दोन-दोन दिवस धरले की साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातले दहा दिवस व्यापले जातात. म्हणजे चंद्राचा काडीचाही संबंध नसला, तरी दर तीन भूकंपांपैकी एक या ‘नियमात’ बसणारच.

यात चंद्राची ओढ खोटी नाही. तिच्यामुळे समुद्रच काय, पायाखालची जमीनही रोज तीसएक सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होते. पण त्यामुळे खडकांवर येणारा ताण भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ताणाच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याइतका असतो आणि तो रोज दोनदा येऊन जातो. शतकानुशतके ताण साठून भ्रंश (खडकांतली भेग) निसटण्याच्या बेतात आला असेल, तर भरती त्याला किंचित हातभार लावू शकते. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये असा क्षीण संबंध मांडला. मात्र तो शक्यतेतला किंचित फरक आहे. त्यावरून ना गाव सांगता येते, ना दिवस. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील सुझन हाफ यांनी ८ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे २०४ भूकंप तपासले. ते चंद्राच्या ठरावीक कलांना किंवा वर्षाच्या ठरावीक दिवशी होतात का, या प्रश्नाला २०१८ च्या त्यांच्या निबंधाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही.

तरीही कुणाला प्रयोगच हवा असेल, तर तोही होऊन गेला आहे. आयबेन ब्राउनिंग या अमेरिकी सल्लागाराने भरतीच्या बळावरून ३ डिसेंबर १९९० च्या आसपास अमेरिकेतील न्यू माद्रिद पट्ट्यात मोठ्या भूकंपाची शक्यता वर्तवली होती. शाळा बंद राहिल्या, लोकांनी घरांत सामान भरून ठेवले. भूकंप झाला नाही.

ग्रहांच्या युतीमुळे भूकंप होतो, ही गोष्ट तर याहूनही पोकळ आहे. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही त्याचे भरती-बळ चंद्राच्या दहा हजाराव्या हिश्श्यापेक्षा कमी असते. तुर्कस्तानच्या भूकंपानंतर, ग्रहस्थितीवरून इशारे देणाऱ्या फ्रँक हूगरबीट्स या डच गृहस्थाला जगाने ‘भाकीतकार’ ठरवले. जगात ६ किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला शंभराहून जास्त होतात. सतत इशारे देत राहिले की एखादा लागणारच. भाकीत म्हणजे ठिकाण, वेळ आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी आधी सांगणे. आजवर कुणीही मोठ्या भूकंपाबाबत हे विश्वासार्हपणे करून दाखवलेले नाही.

इतर गैरसमज थोडक्यात :

प्राण्यांना आधी कळते. पहिल्या सौम्य लहरी त्यांना आपल्याआधी जाणवतात, त्यामुळे काही सेकंद आधी ते बिथरू शकतात. दिवसांआधीचे किस्से बहुतेक भूकंपानंतर आठवलेले असतात.

विहिरीचे पाणी, रेडॉन वायू यांतले बदल इशारा देतात. बदल होतात, पण अनेकदा भूकंपाविनाही होतात. आणि असंख्य भूकंप अशा बदलांविना होतात.

चीनने भाकीत केले होते. १९७५ मध्ये हायचेंगला आधी धक्क्यांची मालिका झाली, म्हणून लोक वाचले; पुढच्याच वर्षी तांगशानला इशारा मिळाला नाही आणि अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे गेली.

लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी. किल्लारीत आदल्या वर्षी धक्के बसले होते हे खरे. पण पालघरमध्ये २०१८ पासून शेकडो बसले आणि मोठा भूकंप झाला नाही.

लहान धक्क्यांनी ताण निघून जातो. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४ तीव्रतेचे सुमारे हजार धक्के लागतात.

मोबाइलवर भाकीत येते. जपान-मेक्सिकोतील यंत्रणा भूकंप सुरू झाल्यावर, विध्वंसक लहरी पोहोचण्याआधी काही सेकंद इशारा देतात. ते भाकीत नव्हे, पण जीव वाचवणारे काम आहे.

किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. तेवढ्याने सुमारे दहा हजार माणसे मेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. तिथी कोणतीही असती तरी त्या भिंती पडल्याच असत्या. म्हणून पुढचा ‘इशारा’ पुढे पाठवण्याआधी त्यात ठिकाण, वेळ आणि तीव्रता आहे का, आणि सांगणाऱ्याची चुकलेली भाकिते किती, हे विचारा. आणि घर बांधताना जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर व छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा आहे ना, हे अभियंत्याला विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्या घरातल्यांचे जीव अवलंबून आहेत.