बोटीवर मुक्काम, पाण्याखाली फेरफटका : निघण्यापूर्वी कतारगामातच ठरवायच्या गोष्टी



यंदाच्या कोजागरीला मसाला दूध आटत होते, चंदी पडव्यासाठी आणलेली घारी एक दिवस आधीच फुटली होती, आणि गप्पांत विषय निघाला पुढच्या दिवाळीच्या सहलीचा. आपल्या तरुण सभासदांनी मोबाईलवर मालदीवच्या एका बोटीचे फोटो दाखवले. आठवडाभर बोटीवरच राहायचे, तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा स्कूबा डायव्हिंग करायचे. अर्ध्या तासात सोळा नावे जमली. "कारखाने बंद असतात, शाळांना सुट्टी असते, मग बुकिंग करूनच टाकू," असेही ठरत आले.

कल्पना छान आहे. पण नावे देणाऱ्या सोळांपैकी बाराजण आजवर समुद्रात डोके बुडवूनसुद्धा राहिलेले नाहीत. म्हणून ही सहल नेमकी कशी असते, ती कोणाला जमते आणि पैसे भरण्यापूर्वी काय ठरवावे लागते, ते येथे मांडतो आहे.

लाइव्हअबोर्ड म्हणजे काय?

नेहमीच्या डायव्हिंगमध्ये आपण किनाऱ्यावर राहतो, सकाळी लहान बोटीने जातो आणि दुपारी परत येतो. ज्या बोटीवर डायव्हर मंडळी मुक्कामाला असतात तिला 'लाइव्हअबोर्ड' म्हणतात. मालदीवमध्ये तिला 'सफारी बोट' हे नावही आहे. मोठ्या बोटीवर खोल्या, स्वयंपाकघर आणि बसायची जागा असते. मालदीवमध्ये तिच्यासोबत 'धोनी' नावाची दुसरी बोट चालते. हवेच्या टाक्या आणि त्या भरायचा कॉम्प्रेसर या धोनीवर असतो आणि पाण्यात उडी तिच्यावरूनच मारायची असते.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आपल्याच समुद्रातल्या एका उदाहरणाने कळेल. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर अरबी समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. तिथे प्रवाळ आहेत. सकाळी निघून तिथे डुबकी मारून संध्याकाळी घरी परतणे लहान बोटीला शक्य नाही. अशा दूरच्या जागांसाठी बोटीवरच मुक्काम करावा लागतो. मालदीव, इजिप्तचा लाल समुद्र, थायलंडची सिमिलान बेटे आणि इंडोनेशिया ही या सहलींची नेहमीची ठिकाणे आहेत.

बोटीवरचा दिवस साधारण असा जातो. उजाडताच चहा-बिस्किटे, मग जागेची माहिती आणि पहिली डुबकी. त्यानंतर नाश्ता, विश्रांती, दुसरी डुबकी, जेवण, झोप, तिसरी डुबकी. एखाद्या दिवशी रात्रीचीही असते. ज्याला डायव्हिंग करायचे नाही त्याला आठवडाभर फारसे काही काम नसते. बाजार नाही, देऊळ नाही, नाक्यावर जाऊन येणेही नाही. आजी-आजोबा आणि लहान मुले घेऊन जायची ही सहल नव्हे.

कोणाला जाता येते?

तारकर्लीला आपण केले ते 'ओळखीचे डायव्हिंग'. त्याला प्रमाणपत्र लागत नाही. प्रशिक्षक मागून धरून ठेवतो, आपण फक्त श्वास घेतो आणि मासे बघतो. लाइव्हअबोर्डवर असे धरून फिरवणारे कोणी नसते. तिथे प्रत्येकाला आपली हवा, आपली खोली आणि आपला जोडीदार स्वतः सांभाळावा लागतो.

त्यासाठी पहिली पायरी 'ओपन वॉटर' प्रमाणपत्राची. ते मिळाले की १८ मीटरपर्यंत जाता येते. पुढचे 'ॲडव्हान्स्ड' झाले की ३० मीटर. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरच्या खाली जायची परवानगीच नाही. शिवाय तिथल्या बेटांमधल्या खाड्यांत प्रवाह जोरदार असतो. म्हणून काही मार्गांवर बोटवाले ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि पन्नासेक डुबक्यांचा अनुभव मागतात. आंग्रिया बँकेचा सर्वांत उथळ भागही पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. म्हणजे नुकतेच ओपन वॉटर झालेल्याला तिथल्या माथ्याला हातही लावता येणार नाही.

प्रमाणपत्रासाठी वय किमान १० वर्षे लागते आणि लहान मुलांना खोलीची मर्यादा कमी असते. पोहण्याची परीक्षा असते : न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे. वेगाची अट नाही, पण दमून कडेला धरून चालत नाही.

पाण्याखाली शरीरात काय होते?

हे समजले की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा दाब असतोच. दर १० मीटर खाली गेल्यावर तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि वरून नेलेला फुगा तिथे निम्मा होतो. उलटही तितकेच खरे. १० मीटरवर छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून वर आलो तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढे ताणणे जमत नाही, ते फाटू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. आपल्या गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी एकदम दाबली तर सोडा उसळून बाहेर येतो, हळूहळू दाबली तर शांत राहतो. शरीराचेही तसेच. घाईने वर आले तर नायट्रोजनचे बुडबुडे होतात. त्यातून सांधे दुखतात, चक्कर येते, कधी हात-पाय लुळे पडतात. म्हणून सावकाश वर यायचे आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे.

विमानात दाब आणखी कमी होतो, त्यामुळे शेवटच्या डुबकीनंतर लगेच विमानात बसता येत नाही. एकच डुबकी असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक डुबक्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. बरेच बोटवाले पूर्ण २४ तास धरतात. तेव्हा मालेहून मुंबई आणि मुंबईहून सुरत असे तिकीट काढताना एक दिवस मोकळा सोडावाच लागेल.

एक गमतीची पण कामाची गोष्ट. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' असा होत नाही. त्याचा अर्थ 'वर चला'. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. तारकर्लीला आपल्या तीन वहिनी अंगठा दाखवून आनंदाने हसत होत्या आणि प्रशिक्षक त्यांना निमूटपणे वर आणत होता!

फॉर्मवर खरे लिहा

आता तारकर्लीचीच एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नाही. ज्या काकांबाबत ती घडली त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याचा फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, रक्तदाब आहे का, काही औषधे चालू आहेत का. काकांना लहानपणापासून दमा आहे आणि पंप नेहमी सोबत असतो. त्यांनी 'नाही' वर खूण केली. नंतर म्हणाले, "सगळे निघालेले, मी एकटाच काठावर कशाला बसू? आणि माझ्यामुळे कोणाचा विरस नको."

खाली गेल्यावर दोन मिनिटांत त्यांना खोकला आला, छाती आवळल्यासारखी झाली. प्रशिक्षकाने त्यांना सावकाश वर आणले. पंप खोलीवरच्या बॅगेत राहिला होता. बोट किनाऱ्याला लागेपर्यंतची वीस मिनिटे काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या. बाकी आम्ही कोणीच एक शब्द बोललो नाही. पुढे सगळे ठीक झाले.

दम्यात श्वासनलिका आकसतात आणि हवा आत अडकते. वर येताना ती अडकलेली हवाच फुगते. म्हणून हा प्रश्न फॉर्मवर असतो. तारकर्लीला किनारा वीस मिनिटांवर होता. लाइव्हअबोर्डवर दवाखाना कित्येक तासांवर असू शकतो.

दोष एकट्या काकांचा नव्हता. आठवडाभर आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर "कोणी मागे हटायचे नाही" असे लिहीत होतो. समूहाने गेल्यावर मजा वाढते, तशी 'नाही' म्हणायची लाजही वाढते. यापुढे आपल्या मंडळाच्या सहलीत प्रत्येकाला कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, 'मी आज उतरत नाही' असे म्हणता आले पाहिजे, आणि त्यावर कोणी चेष्टा करता कामा नये. दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, कानाचा त्रास, फिट येणे किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा.

बोट ठरवताना काय विचारावे?

सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या लाइव्हअबोर्डला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण दगावले. रात्री फिरून पहारा देणारे कोणी नव्हते, असे चौकशीत आढळले. आपल्याकडेही मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. भीती घालायला हे सांगत नाही. बुकिंगच्या आधी हे प्रश्न लेखी विचारावेत, एवढ्यासाठीच :

* झोपायच्या खोल्यांतून बाहेर पडायला दोन वेगळे मार्ग आहेत का?
* रात्रभर जागता पहारा असतो का?
* कॅमेरे, टॉर्च आणि मोबाईल चार्ज करायची जागा कुठे आहे? रात्री चार्जिंग बंद असते का?
* वैद्यकीय ऑक्सिजन किती तास पुरेल एवढा आहे?
* बुडबुड्यांच्या आजारावर उपचार करणारे दाबकक्ष सर्वांत जवळ कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?
* पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट आणि आगीची तालीम घेतात का?

विम्याचेही पाहावे. नेहमीच्या प्रवास विम्यात बहुधा स्कूबा धरलेले नसते, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि संध्याकाळची डुबकी बाकी असताना दारूचा घोट नाही, हा नियम सगळ्या चांगल्या बोटींवर असतो.

मग आपण काय करावे?

माझे मत असे की, पुढच्या दिवाळीत थेट मालदीव नको. टप्प्याटप्प्याने जाऊ.

पहिला टप्पा इथेच. आपल्या डुमसचे आणि सुंवालीचे पाणी गाळाचे, खंभातच्या आखातातली भरती-ओहोटीही मोठी, त्यामुळे सुरतच्या किनाऱ्यावर हे शिकता येणार नाही. पण महापालिकेचे तरणतलाव आहेत. उन्हाळ्यात २०० मीटर पोहण्याचा आणि १० मिनिटे तरंगण्याचा सराव कतारगाममध्ये राहूनच करता येईल.

दुसरा टप्पा दिवाळीत मालवण-तारकर्लीचा. पावसाळा संपून पाणी निवळू लागलेले असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे. ज्यांना आवड आहे त्यांनी तिथे चार-पाच दिवस राहून ओपन वॉटर करावे. बाकी कुटुंबीयांनी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग पाहावा, मालवणी जेवण जेवावे, मुलांनी वाळूत खेळावे. कोणालाही कंटाळा येणार नाही.

तिसरा टप्पा लाइव्हअबोर्डचा. तोपर्यंत सोळांपैकी कदाचित सहाजणच उरतील. तसे झाले तर सहल फसली असे कोणी समजू नये. ते सहाजण आपल्या मनाने आणि तयारीने जातील, आणि उरलेले दहाजण त्यांना सुरत स्टेशनवर सोडायला येतील.

ज्यांना उन्हाळ्यातल्या पोहण्याच्या सरावात यायचे आहे त्यांनी कार्यकारिणीकडे नावे द्यावीत. काका म्हणाले आहेत की तलावाच्या काठावर घड्याळ घेऊन तेच बसणार आहेत. पंप या वेळी खिशात असेल.