पोरं झाली म्हणून अंडाशयाचं काम संपत नाही

दिवाळीनंतर तासगाव-पलूस पट्ट्यातल्या उसात मराठवाड्यातल्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो बुडख्याशी घाव घालतो. ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. त्यामुळे पाळीचा त्रास, अंगावरून जाणं याची अडचण वाटू लागते आणि 'पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?' एवढ्यावर ऑपरेशन ठरतं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्याचे आकडे मांडले. पाहणीतल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत एका दिवसात बंद होतो आणि त्याची झळ हृदयाला बसते. हृदय दिवसाला सुमारे लाखभर ठोके देतं. त्यासाठी त्याच्या पेशी मायटोकॉण्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात. तिथे ऊर्जा तयार होताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड बनतं. ते साठलं की पेशीची आवरणं, प्रथिनं आणि डीएनए पोखरले जातात. इस्ट्रोजेन पेशीतल्या ग्राहींना जुळलं की सुपरऑक्साइड निकामी करणाऱ्या विकरांचं उत्पादन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइडही वाढतं. हे बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं आहे, म्हणून ते माणसांत दिसतं का, हे पाहिलंच पाहिजे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून १९८७ मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि हार्मोन न घेतलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होता.

यावर रास्त आक्षेप आहे. इस्ट्रोजेन एवढं गुणकारी, तर २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हार्मोनच्या गोळ्यांनी हृदयविकार कमी का झाला नाही? त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळीत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिनही होतं. २०१६ च्या एका चाचणीत पाळी जाऊन सहा वर्षं न झालेल्या स्त्रियांच्या मानेतल्या धमनीची भिंत इस्ट्रोजेनमुळे कमी वेगाने जाड झाली. दहा वर्षं उलटलेल्यांना तो लाभ मिळाला नाही. म्हणजे इस्ट्रोजेन निरोगी रक्तवाहिनी जपतं, बिघडलेली दुरुस्त करत नाही. म्हणूनच तिशीत गमावलेल्या अंडाशयाची भरपाई साठीतल्या गोळीने होणार नाही. कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया टाळता येत नाही, हे खरंच. पण अंडाशयं ठेवली तरी गर्भाशय काढल्यावर ती सरासरी लवकर थकतात, म्हणून साध्या तक्रारीवर आधी औषधाचाच विचार व्हायला हवा. सही करण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा: अंडाशयं राहणार की जाणार? आणि मुकादमांनी, कारखान्यांनी पाळीच्या दिवसांचा खाडा धरणं बंद करावं.