ओल्या मातीतील तहान

मनीप्लांटची वेल मूळची प्रशांत महासागरातील मोओरेआ नावाच्या लहानशा बेटावरची. १८८० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे उष्ण कटिबंधातील घरोघरी ती जाऊन पोहोचली. रानात ती झाडाच्या खोडाला मुळे रोवून वर चढते. पावसाचे पाणी त्या मुळांवरून निथळून जाते व पाठोपाठ त्यांना वारा लागतो. घरातील कुंडीत मात्र पाणी निथळेलच असे नाही, आणि वारा तर नाहीच.

पावसाळ्यात आभाळ भरून आले, म्हणजे ऊन कमी होते, हवा दमट होते आणि पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन मंदावते. वेलीला पाणी कमी लागते. पण रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याचा घरातील क्रम काही चुकत नाही. थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडून माना टाकतात. वेल तहानली असावी, असे समजून आणखी एक तांब्या ओतला जातो. वेल खरोखरच तहानलेली असते; तथापि या तहानेवर पाणी हा उपाय नव्हे.

मुळांनाही श्वसन करावे लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद होतो, आणि जो थोडा शिल्लक असतो तो मातीतील सूक्ष्मजीव संपवून टाकतात. प्राणवायूवाचून मुळांच्या पेशींतील द्रव आम्लधर्मी होतो व पेशीपटलातील पाण्याचे सूक्ष्म मार्ग मिटतात. मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीवर प्रयोग करून हे २००३ मध्ये दाखविण्यात आले. सभोवती पाणी असूनही मूळ ते शोषून घेऊ शकत नाही, ते यामुळे.

येथे एक शंका सहज येईल. हीच वेल पाण्याच्या बाटलीत महिनोन् महिने तग धरते, ती कशी? बाटलीत फुटलेली मुळे पाण्यातच घडलेली असतात. शिवाय स्वच्छ पाण्यात कुजणारे द्रव्य फारसे नसल्यामुळे पृष्ठभागावरून आत येणारा प्राणवायू मुळांच्या वाट्याला येतो. मातीत वाढलेली, आणि खताच्या ओल्या गाळात अकस्मात बुडालेली मुळे या दोन्ही सोयींना मुकतात.

गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियमसारखे जीव हल्ला करतात. हे दिसतात बुरशीसारखे. परंतु त्यांचे खरे नाते तपकिरी शैवलांशी आहे. त्यांच्या चलबीजाणूंना दोन शेपट्या असतात व भिजलेल्या मातीत ते पोहत मुळांपर्यंत जातात. भारतात दीर्घकाळ काम केलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०७ मध्येच या प्रजातीवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला होता.

कोमेजलेल्या वेलीची माती ओली लागली, तर त्याच दिवशी तिला कुंडीतून काढावे. कुजका वास आला, तर निदान बहुतेक निश्चित समजावे. मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. पांढरी व टणक मुळे जिवंत असतात. तपकिरी, लिबलिबीत आणि ओढताच ज्यांची साल हातात येते, ती मेलेली. मेलेली मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत छाटावीत. मुळे फार गेली असतील, तर काही पानेही काढावीत, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्यांचा भार पेलवत नाही. जुनी माती टाकून द्यावी. नवी कुंडी मोठी नको, मुळांना जेमतेम पुरेल एवढीच असावी, आणि तिच्या तळाला भोक हवेच. मातीत जाड वाळू व नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळावेत.

तळाशी खडे घातले म्हणजे पाण्याचा निचरा होतो, हा समज सार्वत्रिक आहे, आणि चुकीचा आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते खड्यांच्या वरच अडते आणि ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

यानंतर बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्यावे व बशीत साचलेले ओतून टाकावे. नवे पान उलगडेपर्यंत खत देऊ नये. सर्वच मुळे गेली असतील, तर खोडाचा हिरवा, टणक, पेर असलेला तुकडा कापून बाटलीतील स्वच्छ पाण्यात ठेवावा. बहुधा काही आठवड्यांत त्याला पेरापाशी मुळे फुटतात.