पेठेतलं वन बीएचके

सकाळी ७
भाड्याचं घर मी शक्यतो सकाळीच दाखवते. पेठेतल्या जुन्या इमारतीत पाण्याची खरी परिस्थिती याच वेळी कळते. आजच्या ताई लक्ष्मी रोडवर सराफाकडे हिशेब बघतात. सोबत आई राहणार आहे. सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं १४,५००. मोरीतला नळ सोडला, तर धार करंगळीएवढी. आई दुसऱ्या मजल्यावरच गुडघा धरून पायरीवर टेकल्या.

८.३०
नारायण पेठ, पहिला मजला. ओटा लहान, पण पाणी जोरात आणि जिन्याला भक्कम कठडा. भाडं १६,५००, मेंटेनन्ससकट. ‘‘बजेटच्या बाहेर जातंय हो,’’ ताई म्हणाल्या.

९.३०
चहा घेताना कागदावर हिशेब मांडला. पहिल्या घराला मेंटेनन्स १,५०० वेगळा, म्हणजे महिन्याचा फरक पाचशेचाच. त्याचं डिपॉझिट मात्र एक लाख, दुसऱ्याचं पन्नास हजार. पहिल्या महिन्याचं मेंटेनन्ससकट भाडं आणि माझी एका भाड्याची दलाली धरली, तर तिथे १,३०,५०० हाताशी हवेत, इथे ८३,०००. ताईंनी नारायण पेठ पक्की केली. नुसतं भाडं ऐकून घर स्वस्त ठरवू नये, हे मी प्रत्येकाला असंच मांडून दाखवते.

११
मालकांचे फोन. बॅचलर चालतील का, नॉनव्हेजला हरकत आहे का, हे आधीच विचारून घेते. दारात जाऊन कुणाला नकार ऐकावा लागू नये. जात विचारणाऱ्याचं घर माझ्या वहीत राहत नाही.

दुपारी १
शिवाजीनगरला नोकरी करणाऱ्या एका मुलाला मंडईजवळची खोली-किचन दाखवली. पार्किंग नाही म्हणून भाडं कमी. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झालं, तेव्हापासून अशी घरं गाडी नसलेल्यांना परवडतात आणि सोयीचीही पडतात.

४
नारायण पेठेतल्या घराचे मालक काका म्हणाले, ‘‘नोटरी करून टाकू, नोंदणी कशाला?’’ मी त्यांना समजावलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. अकरा महिन्यांच्या या कराराला मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यासाठी दोघांनीही जोखीम का घ्यावी? काका तयार झाले.

संध्याकाळी ७
गेल्या आठवड्यात ठरलेल्या दुसऱ्या घराचा करार. मशीनवर मालकांचा अंगठा दोनदा उमटला नाही; हात पुसून तिसऱ्यांदा जमलं. अंगठे झाल्यावर भिंतींचे, नळांचे, गीझरचे फोटो काढून दोघांनाही पाठवले. घर सोडताना डिपॉझिटवरून होणारे बहुतेक वाद अशा फोटोंनी मिटतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची राहिली होती, तीही भरून घेतली.

रात्री ९
उद्याची घरं वहीत लिहिली. पेठेत काम करणाऱ्या माणसाला पेठेतच राहता यावं, असं मला मनापासून वाटतं. कमी पगारातही ते जमतं. मात्र टोकन देण्याआधी पाणी, जिना, डिपॉझिट आणि करार या चारही गोष्टी तपासल्याशिवाय खिशात हात घालू नये.