मैदा नाही, अंडं नाही, तरी कुरकुरीत चिकन

मासे तळताना लावतो तो रवा गव्हाचाच, त्यामुळे ग्लुटेन चालत नसेल तर तोही बाद. तीन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी कॉर्नफ्लोअर घ्या. दह्याऐवजी कोकमाचं आगळ, आलं-लसूण, तिखट लावून बोनलेस तुकडे तासभर मुरवा. मीठ बेतानेच, आगळ खारट असतं! ओलसर तुकडे पिठात दाबून घोळवा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. पीठ ओलावा शोषून चिकटतं, मग तेलात सुटत नाही. तेल सूर्यफुलाचं, १७० अंशांच्या आसपास तापलेलं. हिंग घालणार असाल तर डबीवरची यादी जरूर वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. आणि त्याच कारणाने समोसे तळलेलं तेल पुन्हा वापरू नका.