पेडल स्टील गिटारच्या तारा
पेडल स्टील गिटारच्या तारा म्हणजे पेडल स्टील गिटार या विद्युत् तंतुवाद्यावर चढविल्या जाणाऱ्या पोलादी तारा होत. हे वाद्य आडवे ठेवून, डाव्या हातातील धातूचा गोल बार तारांवरून सरकवीत वाजवितात. पायाखालची पेडले व गुडघ्याने ढकलावयाच्या लिव्हर यांच्या साहाय्याने ठरावीक तारांचा स्वर वादन चालू असतानाच चढविता वा उतरविता येतो. या सोयीमुळे तारेवर जो भार येतो, तो साध्या गिटारच्या तारेवर सहसा येत नाही. म्हणून या वाद्याच्या बाबतीत टिकाऊ तार कोणती, हा प्रश्न नादाच्या आवडीनिवडीइतकाच यंत्रशास्त्राचाही आहे.

पार्श्वभूमी
या वाद्याचे मूळ हवाई बेटांतील गिटारवादनात आहे. तारांवरून पोलादी तुकडा सरकविण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विद्युत् स्टील गिटार आली आणि त्या दशकाच्या अखेरीस पेडल असलेली वाद्ये अमेरिकेत बनू लागली. तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर वर नेण्याची शैली मात्र रूढ झाली ती वेब पिअर्स यांच्या १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गीतातील बड आयझॅक्स यांच्या वादनानंतर. तोवर पेडल हे मुख्यतः दोन सुरावटींमधील बदल झटपट करण्याचे साधन होते. त्यानंतर पेडलची हालचाल हीच वादनाची भाषा बनली आणि तारेचे आयुष्य पेडल किती वेळा दाबले जाते यावर अवलंबून राहू लागले.

आज प्रचलित असलेल्या वाद्यांना बहुधा दहा तारा असतात. दोन पट्ट्यांच्या वाद्यात एका पट्टीवर ‘ई९’ व दुसरीवर ‘सी६’ ही जुळणी असते. तारेची कंप पावणारी लांबी सुमारे २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर असते.

जाडी व जुळणी
तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगण्याची प्रथा आहे. ई९ जुळणीत वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून क्रमाने एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी व बी हे स्वर असतात. त्यांसाठी बहुतेक संचांत .०१३, .०१५, .०११, .०१४, .०१७, .०२०, .०२६, .०३०, .०३४ व .०३८ इंच किंवा त्यांच्या आसपासच्या जाडीच्या तारा मिळतात. यांतील पहिल्या पाच तारा साध्या, म्हणजे एकसंध पोलादाच्या असतात. शेवटच्या चार वेष्टित असतात. त्यांच्या गाभ्यावर दुसऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सहावी तार साधी घ्यावी की वेष्टित, याविषयी वादकांत मतभेद आहेत.

या क्रमातील एक गोष्ट नवख्याला चकविते. सर्वांत उंच स्वर पहिल्या तारेचा नसून तिसऱ्या तारेचा आहे. पहिल्या दोन तारा बडी एमन्स यांनी नंतर जोडलेल्या असल्यामुळे स्वरांचा उतरता क्रम तेथे मोडतो.

तिसरी तार
पेडल स्टील गिटारवर कोणती तार तुटते, असे विचारल्यास बहुतेक वादक तिसरीचेच नाव घेतील. त्याचे कारण साध्या गणिताने कळते. मोकळ्या तारेची कंप्रता तिची लांबी, ताण व वस्तुमान यांवर ठरते. हेच सूत्र फिरवून मांडले, तर तारेच्या छेदावरील प्रतिबल हे पोलादाच्या घनतेवर आणि लांबी व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या वर्गावर अवलंबून असल्याचे दिसते. जाडी त्या सूत्रातून गळून पडते.

तिसऱ्या तारेचा स्वर सुमारे ४१५ हर्ट्झ असतो. ‘बी’ पेडल दाबल्यावर ती ४४० हर्ट्झवर, म्हणजे ए या स्वरावर जाते. .०११ इंच जाडीच्या तारेवरील ताण त्या वेळी सुमारे १२.५ किलोग्रॅमवरून १४ किलोग्रॅमवर चढतो व प्रतिबल सुमारे २,२५० मेगापास्कल होते. या जाडीच्या उत्तम वाद्यतारेचे ताणबल साधारण २,६०० ते २,९०० मेगापास्कल असते. म्हणजे ही तार आपल्या शक्तीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भार सतत वाहत असते. याउलट पाचवी तार ‘ए’ पेडलने बीवरून सी शार्पवर, पूर्ण एका स्वराने चढते, तरीही तिच्यावरील प्रतिबल ९०० मेगापास्कलच्या आसपासच राहते. ती क्वचितच तुटते यात नवल नाही.

यावरून एक सार्वत्रिक समजूत दुरुस्त करावी लागते. तार तुटते म्हणून जाड तार घ्यावी, हे सहज सुचते; परंतु त्याच स्वरावर जाड तारेला ताणही त्याच प्रमाणात अधिक द्यावा लागतो आणि प्रतिबल तेवढेच राहते. .०१२ इंचाची तार .०११ पेक्षा टणक लागते, तिचा नाद भरीव वाटतो, पण ती अधिक टिकेल असे नाही. उलट पुढे सांगितलेल्या कारणामुळे ती लवकरही तुटू शकते. वाद्याच्या लांबीचा परिणाम मात्र खरा आहे. २४ ऐवजी सव्वाचोवीस इंच लांबीच्या वाद्यावर हेच प्रतिबल सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, आणि मर्यादेच्या इतक्या जवळ दोन टक्केही दुर्लक्ष करण्याजोगे नसतात.

चेंजर व धातूचा शिणवटा
तार तुटते ती बहुधा मधोमध नव्हे, तर चेंजरवर. चेंजर ही वाद्याच्या उजव्या टोकाची यंत्रणा होय. प्रत्येक तारेसाठी तीत एक स्वतंत्र, वरून गोलाकार धातूचा तुकडा असतो व त्याला फिंगर म्हणतात. तार या गोलाईवरून खाली वळून अडकविलेली असते. पेडल दाबले की फिंगर किंचित फिरते आणि तार ताणली जाते. तिसऱ्या तारेला अर्धा स्वर चढण्यासाठी जेमतेम एक मिलिमीटर ताण पुरतो. पण त्या एका मिलिमीटरमध्ये तारेचा एक छोटा भाग दर वेळी सरळ रेषेतून वाकात जातो आणि पुन्हा सरळ होतो. एका गीतात हे अनेकदा, तर रियाजाच्या एका बैठकीत शेकडो वेळा घडते. कागदी टाचणी पुन्हा पुन्हा वाकविल्यावर जशी तुटते, तसाच हा धातूचा शिणवटा आहे. फरक इतकाच की येथील वाक अतिशय सौम्य आणि मूळचा ताण मात्र प्रचंड असतो.

वाकामुळे पडणारे जादा प्रतिबल तारेच्या जाडीच्या सम व गोलाईच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. जाड तार येथे तोट्यात जाते, ती याचमुळे. फिंगरवर वर्षानुवर्षांच्या वापराने बारीक खाच पडली असेल, तर गोलाई त्या ठिकाणी मोडते आणि नवीकोरी तारही थोड्याच दिवसांत तुटते. अनेक फिंगर अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि पोलादी तारेपुढे अ‍ॅल्युमिनियम मऊ पडते. एकच तार एकाच ठिकाणी वारंवार तुटू लागली, तर संचाचा दर्जा बदलण्यापूर्वी फिंगर तपासणे शहाणपणाचे ठरते. अतिशय बारीक पॉलिश कागदाने ती खाच गुळगुळीत करणे व तेथे वंगणाचा एखादा थेंब लावणे, एवढ्या उपायाने पुष्कळदा काम भागते. हे काम जपून करावे लागते, कारण गोलाईचा आकार बदलला तर सूरच बिघडतो.

धातूंचे प्रकार
बाजारात संच ‘निकेल’ किंवा ‘स्टेनलेस स्टील’ या नावांनी विकले जातात. हे नाव वेष्टनाच्या धातूचे असते. बहुतेक संचांतील साध्या तारा दोन्हींत सारख्याच, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या उच्च कार्बनी पोलादाच्या असतात. म्हणून तिसरी तार तुटू नये यासाठी महागडा स्टेनलेस संच घेणारा वादक खर्च करतो तो भलत्याच तारांवर.

वेष्टित तारांच्या बाबतीत मात्र ही निवड महत्त्वाची आहे. त्या सहसा तुटत नाहीत; त्यांचा नाद मंदावतो. घाम, धूळ व गंज वेष्टनाच्या फटींत साचून तारेचे वस्तुमान असमान होते, वरचे उपस्वर मूळ स्वराशी जुळेनासे होतात आणि सरळ बार एकाच रेषेत ठेवूनही उंच जागी स्वरगुच्छ बेसूर लागतो. स्टेनलेस स्टील गंजाला अधिक दाद देत नाही व त्याचा नाद अधिक काळ लखलखीत राहतो, परंतु बार सरकताना होणारी खरखर त्यावर जास्त ऐकू येते. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा नाद थोडा मवाळ असतो, तर शुद्ध निकेलचा त्याहूनही मवाळ. वेष्टन घासून अर्धवट सपाट केलेल्या तारांवर खरखर कमी होते, पण चमकही थोडी जाते. बहुवारिकाचा पातळ थर दिलेल्या तारा गंजापासून दीर्घकाळ सुरक्षित राहतात. चेंजरवरील शिणवट्यावर त्या थराचा उपाय चालत नाही.

सी६ जुळणीतील दहावी तार .०७० इंचापर्यंत जाड असते. ती तुटण्यापूर्वी कित्येक महिने निर्जीव झालेली असते आणि वादकाच्या हे लक्षात येत नाही, कारण ऱ्हास हळूहळू होतो. नव्या तारेशी तुलना केल्यावाचून तो कळत नाही.

सहाव्या तारेचा वाद
सहावी तार साधी .०२० किंवा वेष्टित .०२२ अशी घेतात. वेष्टित तारेचा गाभा बारीक असल्यामुळे स्वर तेवढाच बदलण्यासाठी ती अधिक ताणावी किंवा सैल करावी लागते. जी शार्पवरून एफ शार्पपर्यंत, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली नेणारी लिव्हर ज्यांच्या वाद्यात आहे, त्यांना चेंजरची हालचाल अपुरी पडू शकते. असे वादक साधी तार पसंत करतात. येथे टिकाऊपणापेक्षा यंत्रणेची मर्यादा निर्णायक ठरते.

निवड व निगा
मैफलीत तिसरी तार तुटली, तर ए व बी ही पेडले एकत्र दाबून मिळणारा, या वाद्याची ओळख असलेला स्वरगुच्छ अपुरा राहतो. शिवाय एका तारेचा ताण नाहीसा झाल्याने वाद्याची चौकट सूक्ष्म सैलावते आणि उरलेल्या तारा किंचित चढतात. म्हणून पूर्ण संचाबरोबर .०११ च्या सुट्या तारा बाळगण्याची आणि ती तार तुटण्याची वाट न पाहता इतरांपेक्षा लवकर बदलण्याची प्रथा अनुभवी वादकांत आहे. वादनानंतर तारा कोरड्या कापडाने पुसणे, चढविताना तारेला तीव्र वळसा पडू न देणे आणि डाव्या टोकाच्या फिरत्या रोलरमधील मळ काढणे, ही निगा स्वस्त व परिणामकारक आहे. दमट किनारी हवेत, मुंबई किंवा कोकणातील पावसाळ्यात, साध्या तारांवर गंजाचे ठिपके लवकर उठतात. अशा प्रत्येक ठिपक्यापासून शिणवट्याची भेग सुरू होऊ शकते. त्यामुळे तेथे सुट्या तारा हवाबंद पाकिटांतच ठेवणे इष्ट.

भारतीय संदर्भ
भारतात हवाईयन गिटार चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले यांनी, तर रागसंगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी लोकप्रिय केली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच परंपरेतील आहे. या वाद्यांना पेडले नसतात. मींड बार सरकवूनच घेतली जाते आणि तारेचा ताण वादनभर जवळजवळ स्थिर राहतो. चेंजरवरील शिणवट्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवत नाही. त्यामुळे या वाद्यांसाठी विकले जाणारे संच पेडल स्टीलवर चढवू नयेत. त्यांतील जाडीचा क्रम वेगळ्या जुळणीसाठी ठरविलेला असतो आणि ई९ मधील तिसऱ्या तारेच्या जागी बसेल अशी बारीक तार त्यांत बहुधा नसते.