संयोगवाचक इंग्रजी शब्द आणि आमची कल्पपरिभाषा

‘मेळघाट’ म्हणजे घाटांचा मेळ. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या येथील नद्या अखेर तापीस मिळतात. घाटांचा होतो तो मेळ, नद्यांचा होतो तो संगम. घाट एकत्र आले तरी वेगळे दिसतात. नद्यांचे पाणी मात्र संगमानंतर निराळे काढता येत नाही. ‘एकत्र येणे’ ही क्रिया एक नव्हे, अनेक आहेत, हे भाषेने असे आधीच नोंदवून ठेवले आहे.

औषधयोजनेत मात्र हा भेद झपाट्याने पुसला जात आहे. परतवाडा-धारणी मार्गावरील, सिपनेकाठच्या सेमाडोहसारख्या गावी येणाऱ्या अनेक रुग्णांची घरची भाषा कोरकू असते. वैद्याची सूचना मराठीत वा हिंदीत, डबीवरचा मजकूर इंग्रजीत, आणि या सर्व वाटेत एकच शब्द टिकतो : ‘मिक्स’. चूर्ण मधात मिक्स, काढ्यात मिक्स, दुधात मिक्स. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील संयोगवाचक शब्दांचा नेमका वापर आणि त्यांच्याशी आमच्या परिभाषेचे नाते तपासावयाचे आहे.

संयोग म्हणजे काय?

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली, त्यांत ‘संयोग’ हे स्वतंत्र गणले आहे. दोन वा अधिक द्रव्ये एकत्र आल्याने एकेकट्या द्रव्यात नसलेला विशेष उत्पन्न होतो, हे त्याचे मर्म. ‘करण’ अर्थात संस्कार हे निराळे आयतन आहे आणि ‘राशि’ म्हणजे प्रमाण हेही निराळे. ‘मिक्स’ या एका शब्दात हे तिन्ही बुडून जातात.

इंग्रजी शब्दांची विभागणी

१) मिक्स : सर्वांत व्यापक शब्द. द्रव्ये एकत्र केली एवढेच तो सांगतो. ती एकजीव झाली की नाही, हे सांगत नाही. जुन्या दवाखान्यांतील ‘मिक्श्चर’ची बाटली हलवून घ्यावी लागे, कारण तळाशी साका बसे.

२) ब्लेंड : घटक वेगळे ओळखू येऊ नयेत असे मिश्रण. चहाच्या पानांचे वा खाद्यतेलांचे होते ते ब्लेंड.

३) कम्बाइन : घटक आपले स्वत्व राखून एका हेतूसाठी जोडले जातात. एकाच गोळीत ठरावीक मात्रेत एकाहून अधिक औषधे असली, तर तिला आधुनिक वैद्यक ‘फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन’ म्हणते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा ३२८ योगांवर बंदी घातली. एकत्र आणलेल्या प्रत्येक घटकास तेथे असण्याचे कारण हवे, हा बोध आम्हांसही लागू आहे.

४) कंपाउंड : रसायनशास्त्रात घटक निश्चित प्रमाणात संयोग पावून नवे द्रव्य बनते, ते कंपाउंड. औषधनिर्मितीत मात्र चिठ्ठीनुसार औषध सिद्ध करणे एवढाच अर्थ. आपला परिचित ‘कंपाउंडर’ तेथूनच आला.

५) अमाल्गम : पारदाशी धातूचे एकीकरण. मकरध्वजात सुवर्ण प्रथम पारदासह खलतात, ते अमाल्गम. नंतर गंधक घालून कज्जली करतात. पारद व गंधक यांपासून होते ते कंपाउंड. एकाच खलात हे दोन्ही घडतात आणि तेथे क्रम मोडून चालत नाही.

आमचे शब्द

समभाग त्रिकटू हे साधे मिश्रण होय. सितोपलादि चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी यांचे १६, ८, ४, २, १ हे प्रमाण हाच योगाचा प्राण. ‘प्रक्षेप’ म्हणजे कल्प सिद्ध होत आल्यावर वा झाल्यावर घालावयाचे द्रव्य. च्यवनप्राशात मध पाक निवाल्यावरच पडतो. ‘संधान’ शब्दाचा मूळ अर्थ जोडणे, पण आसवारिष्टांत तो काळाने घडणारा पालट सुचवितो.

‘भावना’ या शब्दास ‘मिक्स’ म्हणणे सर्वांत घातक. चूर्ण पूर्ण भिजेल इतका द्रव घालून मर्दन करावे, सुकवावे, पुन्हा तेच करावे. आवळकाठीचे साधे चूर्ण आणि आवळ्याच्याच स्वरसाच्या २१ भावना दिलेले चूर्ण, या दोहोंची घटकयादी एकच : आमलकी. स्वरसभावनेने अल्प द्रव्यही बलवान होते, हे कल्पस्थानाचे सांगणे आहे. डबीवर ‘भावना’ हा शब्द नसेल, तर वाचणाऱ्यास हा भेद कळण्याचा मार्गच उरत नाही.

चिठ्ठीवर काय लिहावे?

‘मध-तुपातून घ्या’ ही नित्याची सूचना पाहू. समप्रमाणात मध-तूप हे मात्राविरुद्ध आहे, हे आपण सारे जाणतो. पण मध जड आणि तूप हलके. एक चमचा मधास दीड चमचा तूप घेतल्यास चमच्यांचे माप विषम दिसते, वजन मात्र जवळजवळ समान होते! म्हणून ‘कमीजास्त घ्या’ असे मोघम न सांगता, दोहोंपैकी एक दुसऱ्याच्या किमान दुप्पट घ्यावे असे स्पष्ट सांगावे आणि कोणते दुप्पट, हे दोष पाहून ठरवावे.

दुसरे, मराठीच्या विभक्तीचा व शब्दयोगी अव्ययांचा उपयोग करावा. ‘दुधातून’ म्हणजे दुधात घालून, ‘दुधाबरोबर’ म्हणजे दूध सोबत घेऊन, ‘वरून दूध’ म्हणजे औषधानंतर. तीन अनुपानविधी तीन छोट्या शब्दांत येतात. तसेच चूर्ण मधात कालवावे, गोळी खलावी, मुळी उगाळावी, काढ्यात प्रक्षेप घालून ढवळावे. ही क्रियापदे वऱ्हाडातील प्रत्येक स्वयंपाकघरात आहेत. रुग्णास ती शिकवावी लागत नाहीत.

तिसरे, ज्याची घरची भाषा वेगळी आहे, त्यास पहिली मात्रा आपल्यासमोर करावयास लावावी. किती, कशाआधी काय, आणि गरम की निवल्यावर, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या हातून मिळाली, म्हणजे सूचना पोहोचली असे समजावे.

तात्पर्य, इंग्रजीचा द्वेष नको. इंग्रजीही हे भेद नेमके पाळते. आम्ही तिच्यातील सर्वांत सैल शब्द उचलला आणि आपले नेमके शब्द बाजूस ठेवले. कल्पाचे यश द्रव्यावर जितके, तितकेच ते एकत्र आणण्याच्या विधीवर अवलंबून असते. तो विधी रुग्णाच्या घरापर्यंत शब्दच नेतात. वैद्यबंधूंनी आपल्या चिठ्ठीतील ‘मिक्स’ हा शब्द एकदा खोडून त्या जागी योग्य क्रियापद लिहून पाहावे, अशी विनंती आहे.